विहिरीपासून पार्किंगपर्यंत

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षाच्या शुभारंभी गच्चीवर झालेल्या कार्यक्रमातील भाषण)



सचिव मला म्हणाले, "काका, तुम्ही चाळीच्या काळापासूनचे. जुन्या आठवणी सांगा, पण पंधरा मिनिटांत. नंतर जेवण आहे." तेव्हा मसालेभात गार होऊ देणार नाही, एवढी हमी देतो आणि सुरुवात करतो.

आपल्या पार्किंगच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात दर पावसाळ्यात पेव्हर ब्लॉक खचतात. आत्तापर्यंत तीन वेळा बदलले. दर वेळी आपण ठेकेदाराला नावं ठेवली. त्या बिचाऱ्याचा दोष नाही हो. तिथे विहीर होती. चाळ पाडली तेव्हा चाळीच्याच विटामातीने ती बुजवली. आदल्या दिवशी बायकांनी हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि दुसऱ्या दिवशी डंपर आला. भराव अजून बसतोय. ही गोष्ट कुठल्याही फाइलीत नाही, म्हणून आपण तीनदा पैसे घातले. जुन्या आठवणींचा उपयोग काय, असं तरुण मंडळी विचारतात. त्याचं पहिलं उत्तर हे!

आता थोडं मागे जाऊ. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत आले. आपली डोंबिवली त्या रुळांच्या कडेची, भातशेतीची. मुंबईत जागा मिळेना, परवडेना, तशी नोकरदार माणसं इकडे सरकू लागली. फडके रोडवरचं गणेश मंदिर १९२४ सालचं. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच इथे मंदिर बांधण्याइतकी वस्ती जमली होती. पुढे १९६४ मध्ये एमआयडीसी आली. मग मुंबईला जाणाऱ्या कारकुनांच्या शेजारी कारखान्यातला कामगारही राहायला आला.

आपली चाळ १९५४ची. बैठी, कौलारू. समोरासमोर सहा-सहा अशी बारा बिऱ्हाडं, मागे सामायिक संडास, मध्ये अंगण आणि कोपऱ्यात ती विहीर. माझा जन्म पुढच्याच वर्षीचा. खोलीचं भाडं चौदा रुपये. आणि गंमत बघा, १९९५ मध्ये आम्ही करासकट भरत होतो एकतीस रुपये! १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्यामुळे एकदा ठरलेलं भाडं जवळजवळ तिथेच राहायचं. आम्हा भाडेकरूंना ते बरं वाटायचं. पण एकतीस रुपयांत मालक कौलं कशी बदलणार? ती आम्हीच वर्गणी काढून बदलायचो. भाड्यातून पैसा सुटेना, म्हणून नव्या चाळी कोणी बांधेना. मग आली ओनरशिपची पद्धत, आणि तिच्यासाठी १९६३चा कायदा, ज्याला आपण मोफा म्हणतो. चाळ जाऊन ब्लॉक आले, त्यामागे केवळ हौस नव्हती. हिशेब होता.

१९८३ मध्ये कल्याण-डोंबिवली महानगरपालिका झाली. त्यानंतरच्या पंधरा वर्षांत आपल्या गल्लीतल्या चाळी, बंगल्या, वाड्या एकेक करून गेल्या. आमच्या चाळीची पाळी १९९८ मध्ये आली. १९९९च्या गुढीपाडव्याला गावात पहिली नववर्ष स्वागतयात्रा निघाली, तेव्हा आपल्या इमारतीचा तिसरा स्लॅब पडला होता. आम्ही भाड्याच्या खोल्यांतून लेझीम बघायला आलो आणि परतताना सगळे इथे थांबून वर बघत उभे राहिलो. २००० साली संस्था नोंदली गेली. तळमजला धरून पाच मजले, अठ्ठावीस घरं.

आता जे सांगणार आहे ते मी आजवर व्यासपीठावरून बोललो नव्हतो.

बारा बिऱ्हाडांपैकी या इमारतीत परत आली सात. पाच जणांनी रोख रक्कम घेतली आणि गेली. त्यातल्या एक, आठ नंबरच्या मावशी. यजमान लवकर गेलेले. पोळ्या लाटून त्यांनी दोन मुलं शिकवली. भाडेकरूंच्या वतीने बोलणी करायला आम्ही तिघं होतो, त्यातला एक मी. शेवटच्या बैठकीत मावशींनी विचारलं, "अरे, घर फुकट मिळेल, पण दर महिन्याला सोसायटीला किती भरायचे?" मी म्हणालो, "मावशी, ते नंतर बघू. आधी सही तर करा."

नंतर कोणी बघितलं नाही. आकडा कळला तेव्हा त्यांनी हिशेब केला आणि पैसे घेऊन बदलापूरला गेल्या. पोळ्यांची गिऱ्हाइकं सगळी इथली, ती तुटली. वास्तुशांतीला त्या आल्या होत्या. चौथ्या मजल्यापर्यंत चढून माझं घर बघितलं, "छान उजेड आहे रे" म्हणाल्या. मला त्यांच्याकडे बघवेना. कोणी मावशींना फसवलं असं नाही. कागद सगळे सरळ होते. फक्त त्यांच्या प्रश्नाला वेळेवर उत्तर मिळालं नाही, आणि ते देणं माझं काम होतं.

हे आज का काढतोय? कारण गल्लीत पुन्हा पत्रे लागलेत. शेजारच्या दोन इमारती रिकाम्या झाल्या. आपल्याकडेही जिन्यात कुजबुज चालू आहे. लिफ्ट नाही, गुडघे बोलतात. माझे तर सर्वात जास्त बोलतात! पुनर्विकास नको असं मी म्हणत नाही. इमारती बदलतातच. चाळीला आम्ही चव्वेचाळीस वर्षं धरून राहिलो, शेवटी छत गळायचं थांबलं ते नव्या स्लॅबखालीच. पण चाळीच्या वेळी जे चुकलं, ते या वेळी चुकू नये. म्हणून तीन विनंत्या करतो.

पहिली. जागेचा सात-बारा काढून बघा. त्यावर अजून आपलं नाव नाही. मोफाच्या नियमाप्रमाणे वेगळी मुदत ठरली नसेल, तर संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत जमीन आणि इमारत संस्थेच्या नावावर करून द्यायची असते. आपण पंचवीस वर्षं 'होईल, होईल' म्हणत बसलो. २००८च्या दुरुस्तीपासून मानीव अभिहस्तांतरणाची सोय आहे. करून देणाऱ्याने टाळाटाळ केली तरी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. रौप्यमहोत्सवाच्या रोषणाईतून थोडे पैसे वाचवा आणि त्या कामाला लावा. पायाखालची जमीन नावावर नसताना वरच्या मजल्यांची बोलणी कोणत्या तोंडाने करणार?

दुसरी. उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा, आणि तिशी ओलांडली की तीन वर्षांतून एकदा करायचं असतं. ते करून घ्या, आणि इंजिनीअरला विहीर दाखवा. कुठे होती ते मी खडूने आखून देतो.

तिसरी विनंती मनापासूनची. २०१९च्या शासन निर्णयाप्रमाणे पुनर्विकास ठरवायला एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती लागते. अठ्ठावीसमध्ये पंधरा. पंधरा सह्या झाल्या की पेढे वाटू नका. उरलेल्या तेरा घरांत जा. पेन्शनवर एकटं कोण राहतं, कोणाच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, हे विचारा. आणि कोणीही "महिन्याला किती भरायचे?" असं विचारलं, तर सहीच्या आधी आकडा कागदावर लिहून द्या. मोठ्या घराबरोबर लिफ्ट, पंप, वॉचमन, कर हे सगळं येतं. घर मिळणं आणि त्या घरात राहता येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मी एक वही आणली आहे. चाळीतली बारा बिऱ्हाडं, कोणती खोली कोणाची, कोण कुठे गेलं, मला आठवतं तसं लिहिलंय. मागच्या पानावर विहिरीचा नकाशा आहे. ही वही आज सचिवांच्या हाती देतो. मंजूर नकाशा आणि भोगवटा दाखला ठेवलाय त्याच कपाटात ती ठेवा. पुढची इमारत उभी राहील तेव्हा मी असेन-नसेन. समोर बसलेली ही मुलं असतील. फरशी खचली तर का खचली, एवढं तरी त्यांना कळू दे.

पंधरा मिनिटं झाली. बदलापूरहून मावशींचा धाकटा मुलगा माझ्या आमंत्रणावरून आज आलाय, मागच्या रांगेत बसलाय. त्याला पहिल्या पंगतीला बसवा.