जुन्या खांबावर नवा खांब

(हरिहरेश्वर येथे विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मघाशी समितीने जाहीर केले की विहारावर एक मजला चढवून मुलांसाठी अभ्यासिका करायची. निर्णय स्तुत्य आहे. मुंबईकर मंडळींनी वर्गणीही दिली. पण "खाली लोखंडी खांब आहेतच, त्यावर नवे वेल्डिंग केले की झालं," हे वाक्य ऐकले आणि मी लिहून आणलेले भाषण खिशात घातले. मी काही इंजिनिअर नाही. पण गिरणीत फिटर खात्यात आयुष्य गेले, आणि या गोष्टीत मी स्वतः तोंडावर आपटलेला माणूस आहे.

माझ्या घराच्या पडवीवर माळा हवा होता. जुन्या पाइपवर नवा पाइप उभा केला, वेल्डिंग माझ्याच हातचे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. ताशी शंभर-एकशे दहा किलोमीटरचा वारा. आपल्या तालुक्याची काय दशा झाली ते तुम्हाला सांगायला नको. माझा एकही पाइप वाकला नाही. सांधे उघडले, आणि पत्र्यासकट वरचा सांगाडा शेजारच्या सुपारीच्या वाडीत जाऊन पडला. माणूस कोणी गेलं नाही, एवढंच. नंतर सांधा पाहिला तर वेल्डिंग रंगावर आणि गंजावर बसलेले, लोखंडाला धरलेलेच नव्हते. गॅसने कापलेले पाइपाचे तोंड वाकडे. खालच्या पाइपाला तीनच जागी टेकलेले. वजन खाली दाबते तोवर असा सांधा उभा राहतो. वारा पत्र्याखाली शिरून वर उचलायला लागला की मग त्याची परीक्षा.

मुंबईच्या जुन्या गिरण्यांत बिडाचे खांब असत. वरच्या मजल्याचा खांब बरोबर खालच्या खांबाच्या डोक्यावर. ओळंबा सोडला तर एका रेषेत. त्या काळच्या कारागिराला हे कळत होते की खांब दोन इंच बाजूला सरकला तर खालचा खांब नुसता दबत नाही, वाकायला लागतो.

आता वजनाचे बघा. लोखंडी पत्रा चौरस मीटरला पाच-सहा किलो. पाच इंची स्लॅब तीनशे किलोच्या वर. आणि जिथे माणसे जमतात तिथे चौरस मीटरला पाचशे किलोचा भार धरावा असे आपले भारतीय मानक सांगते. एका खांबाच्या वाट्याला दहा बाय दहा फूट आले तर स्लॅबचे जवळजवळ तीन टन आणि माणसांचे साडेचार टन. आपले खांब पत्र्यासाठी उभे केलेत, बरं का! अभ्यासिकेत मुलं थोडी बसतील, पण बुद्धपौर्णिमेला वर कोण कोण चढेल ते तुम्हीच सांगा.

शिळफाट्याला ४ एप्रिल २०१३ ला इमारत कोसळली, ७४ माणसे गेली. ते बांधकाम काँक्रीटचे होते, लोखंडी खांबांचे नव्हे. पण वर मजला चढत होता आणि खाली गोरगरीब राहत होते.

सांधा करायची रीत अशी. खालच्या खांबाच्या डोक्यावर जाड प्लेट, वरच्याच्या तळाला जाड प्लेट, दोन्ही बोल्टने आवळलेल्या. किती बोल्ट, केवढे, ते हिशेबाने ठरते. तोंडे सपाट करून पूर्ण टेकलेली असतील तर भार लोखंडातून लोखंडात उतरतो. नसतील तर सगळा भार वेल्डिंगने आणि बोल्टनेच पेलायचा असतो, हे मानकातही आहे. वेल्डिंगआधी जागा घासून पांढरी करायची. खांबावर वजन असेल तर आधी टेकू, कारण तापलेल्या लोखंडात ताकद राहत नाही. पाइपाचे तोंड कुठेही उघडे ठेवायचे नाही.

पण माझी खरी भीती सांध्याची नाही, पायथ्याची आहे. इथे सावित्री समुद्राला मिळते. हवेत बाराही महिने खार. आपण दर रविवारी विहार धुतो, पाणी खांबाच्या पायाशी साचते. वरून ऑइलपेंट चकचकीत, आत पाइप किती उरलाय कोणी पाहिलंय? फॅब्रिकेटर म्हणतो चालेल. कोणी सांगतो म्हणून मानू नका, तपासून पाहा, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. धम्मावर बोलायचे राहिले असे कोणाला वाटत असेल तर ते हेच.

तेव्हा वर्गणीतला पहिला पैसा लोखंडाला नको. दोन खांबांचे पाय उकरू, पाया किती खोल ते पाहू, पाइपाची जाडी मोजून घेऊ. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावून त्याच्याकडून लेखी घेऊ. तो नाही म्हणाला तर नव्या पायावर नवे खांब बाजूला उभे करायचे, जुन्यांना पत्र्याचाच भार ठेवायचा. खर्च वाढेल, अभ्यासिका वर्षभर लांबेल. तोवर मुलं खाली याच सभागृहात बसतील. संध्याकाळी कुलूप उघडायला मी येईन.

उकरायलाही येतो. पहार माझ्याकडे आहे. जयभीम!