एका म्यानात दोन तलवारी

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. संगणकाच्या बाबतीत ती अर्धीच खरी ठरते. एकाच लॅपटॉपमध्ये विंडोज आणि लिनक्स अशा दोन कार्यप्रणाली सुखाने नांदू शकतात. मात्र एका वेळी म्यानातून एकच तलवार बाहेर निघते. आज कोणती हवी, हे यंत्र सुरू करतानाच त्याला सांगावे लागते. ही व्यवस्था कशी लावावी, ती कोणाच्या उपयोगाची, आणि ती लावताना घरातले काय पणाला लागते, याचा विचार आजच्या भाषणात करावयाचा आहे.

विचाराच्या सोयीसाठी निर्मल हे गाव डोळ्यांसमोर ठेवू. पोनिकीच्या हलक्या लाकडाच्या रंगीत खेळण्यांनी या गावाचे नाव दूरवर पोहोचविले. पूर्वी ते आदिलाबाद जिल्ह्यात होते. २०१६ पासून तेलंगणातील एका स्वतंत्र जिल्ह्याचे ते ठाणे झाले आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा नांदेड जिल्ह्यातील मुधोळ व भैंसा हा भाग आंध्र प्रदेशाकडे गेला आणि आदिलाबादेतील किनवट व राजुरा हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात आले. रेषा आखली गेली, पण रेषेच्या अलीकडची व पलीकडची माणसे जेथल्या तेथेच राहिली. म्हणून या भागात घरी मराठी, शाळेत तेलुगू, बाजारात दखनी आणि अर्जाच्या कागदावर इंग्रजी, असा व्यवहार कोणालाच नवलाचा वाटत नाही. एक भाषा शिकण्यासाठी दुसरी टाकावी लागते, असे येथे कोणी म्हणत नाही.

समजा, अशा या गावात छपाईच्या कामाचे लहानसे दुकान असलेले एक मराठी कुटुंब आहे. लग्नपत्रिका, हस्तपत्रके आणि पावतीपुस्तके ही दुकानाची भाकरी. मराठी मजकूर श्रीलिपीत आणि तेलुगू मजकूर अनु या लिपीसंचात बसविलेला. या दोन्ही सोयी विंडोजवर चालणाऱ्या. हिशेबाची टॅलीही विंडोजवरच चालते. घरची मुलगी अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात शिकते आणि तिच्या वर्गात लिनक्सवर काम करावयास सांगतात. ही गोष्ट या जिल्ह्यात अपूर्व नाही. निर्मलपासून दूर नसलेल्या बासर येथे, गोदावरीच्या काठी, २००८ साली राजीव गांधी ज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि दहावी उत्तीर्ण झालेल्या ग्रामीण मुलांच्या हाती लॅपटॉप आला. अडचण एवढीच, की आपल्या या घरात लॅपटॉप एकच आहे. तो २०१६ च्या सुमाराचा. दुकान बंद ठेवून मुलीने शिकावे की मुलीचे शिक्षण थांबवून दुकान चालवावे, असा प्रश्न उभा राहू नये, हा या सर्व खटाटोपाचा हेतू होय.

त्यात आणखी एक निकड आली आहे. विंडोज १० या आवृत्तीच्या नियमित सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. पुढची आवृत्ती, विंडोज ११, यंत्रात टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय आणि ठराविक पिढीनंतरचा प्रोसेसर मागते. त्यामुळे २०१७ पूर्वीच्या बहुतेक लॅपटॉपांना ती अधिकृतपणे लाभत नाही. यंत्र धडधाकट, पण कारभारी निवृत्त, अशी ही अवस्था. महाजालावरची देवघेव लिनक्सवर करावी आणि दुकानाची जुनी कामे विंडोजवर, शक्यतो महाजालाशी न जोडता, करावीत, असा मार्ग अशा घराला मोकळा राहतो.

कारभारी हा शब्द येथे सहज आला, पण कार्यप्रणाली म्हणजे नेमके तेच. स्मृतीतली जागा कोणत्या कामाला किती द्यावयाची, डिस्कवर काय कोठे ठेवावयाचे, कळफलकावरची कळ दाबली की पडद्यावर काय उमटवावयाचे, हे सारे ती पाहते. विंडोज हा मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीचा माल; त्याची पहिली आवृत्ती १९८५ साली बाजारात आली. लिनक्सची जन्मकथा निराळी आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. ज्याची संहिता कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता यावी अशी कार्यप्रणाली घडविणे हा त्याचा उद्देश होता. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स याने तिला उपयोगी पडेल असा गाभा लिहिला. या दोहोंच्या मिलाफातून पुढे अनेक संच निघाले. २००४ साली आलेला उबुंटू हा त्यांतला एक प्रसिद्ध संच. भारतात सी-डॅकने बॉस या नावाचा संच सिद्ध केला. यांपैकी बहुतेकांना मोल पडत नाही.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. नवी प्रणाली बसविणे हा या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे. अर्ध्या-पाऊण तासात तो आटोपतो. खरे काम त्याच्या आधीचे, आणि ते जुने जपण्याचे. दुकानाच्या सर्व धारिका, घरातील छायाचित्रे, मुलीच्या गुणपत्रिका, हे सगळे बाहेरच्या एखाद्या डिस्कवर उतरवून घ्यावे आणि उतरविलेली प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. न तपासलेली प्रत ही प्रत नव्हे. ती केवळ आशा होय. नव्या लॅपटॉपांत डिस्क कुलूपबंद करण्याची बिटलॉकर ही योजना पुष्कळदा मालकाच्या नकळत चालू असते. तिची अठ्ठेचाळीस अंकी परतकिल्ली आधी कागदावर लिहून ठेवावी. यंत्राच्या आरंभीच्या मांडणीत बदल होताच विंडोज ती किल्ली मागू शकते, आणि त्या क्षणी ती जवळ नसेल तर घर आपले असूनही दार उघडत नाही.

दुसरी गोष्ट रेषा आखण्याची. डिस्क ही एक मोठी खोली आहे असे मानले, तर तिच्यात भिंत घालून दोन खोल्या करावयाच्या आहेत. ही भिंत विंडोजमधूनच घालणे श्रेयस्कर. तेथे डिस्क मॅनेजमेंट नावाचे साधन आहे. त्यातून विंडोजचा विभाग आक्रसून घ्यावा आणि सुटलेली जागा तशीच रिकामी ठेवावी. काही धारिका जागच्या हलत नाहीत, म्हणून मोकळी दिसणारी सर्वच जागा सोडविता येईल असे नाही. उबुंटूच्या २०२४ च्या आवृत्तीसाठी किमान पंचवीस गिगाबाइट जागा सांगितली आहे. अभ्यासाची साधने धरता पन्नास असली तर हात आखडत नाही.

याच वेळी विंडोजमधील फास्ट स्टार्टअप ही सोय बंद करावी. ही सोय चालू असता यंत्र बंद केले तरी विंडोज पुरती झोपत नाही; आपला काही पसारा डिस्कवर तसाच मांडून ठेवते, म्हणजे उद्या लवकर उठता येईल. तिच्या त्या अर्धवट मांडलेल्या पसाऱ्यात लिनक्सने हात घातला तर धारिका बिघडण्याची भीती असते. एकाने खोली नीट आवरून कुलूप लावावे, मगच दुसऱ्याने आत जावे, असा हा साधा शिष्टाचार आहे.

त्यानंतर आठ गिगाबाइटचा एक पेन ड्राइव्ह घेऊन त्यावर लिनक्सचा संच उतरवावा. यंत्र त्या पेन ड्राइव्हवरून सुरू केले असता लिनक्स डिस्कला न शिवता, केवळ स्मृतीत राहून चालू शकते. ही सोय फार मोलाची आहे. वायफाय लागते काय, आवाज येतो काय, छपाईयंत्र ओळखले जाते काय, हे सारे बसविण्याच्या आधीच पाहून घ्यावे. वधूवरांची पसंती आधी, साखरपुडा नंतर. एखादे महत्त्वाचे साधन चालत नसेल तर येथेच थांबावे; काहीही बिघडलेले नसते.

पसंती झाली, की बसविण्यास आरंभ करावा. यंत्र काही साधे प्रश्न विचारते, आणि त्यांत एक प्रश्न असा येतो, की जेथे हात थांबला पाहिजे. लिनक्स कोठे बसवू, असे ते विचारते. एक पर्याय विंडोजच्या शेजारी बसविण्याचा असतो आणि दुसरा संपूर्ण डिस्क पुसून टाकण्याचा. दोन्ही पर्याय पडद्यावर एकाखाली एक, सारख्याच अक्षरांत उभे असतात. घाईत दुसरा दाबला गेला तर दुकानाची कित्येक वर्षांची मेहनत काही मिनिटांत नाहीशी होते. हा प्रश्न मोठ्याने वाचावा, शेजारी घरातील दुसरे माणूस बसलेले असावे, आणि दोघांचे एकमत झाल्यावरच कळ दाबावी. जुनी प्रत तपासून ठेवण्याचा आग्रह धरला, तो याच क्षणासाठी.

काम पूर्ण झाल्यावर यंत्र सुरू होताच एक छोटी यादी दिसू लागते. तिला ग्रब म्हणतात. वर लिनक्सचे नाव, खाली विंडोजचे. बाणाच्या कळीने हवे ते निवडावे. डिस्क नव्याने भरावयाची असेल तर आधी विंडोज आणि मग लिनक्स हा क्रम सोईचा पडतो, कारण ग्रब शेजारी असलेल्या विंडोजला आपल्या यादीत जागा देते. विंडोज मात्र अशी यादी करून लिनक्सची विचारपूस करीत नाही. ती नंतर आली की पुष्कळदा स्वतःचे नाव पहिल्या क्रमांकावर लावून मोकळी होते. धारिकांच्या बाबतीतही असेच आहे. लिनक्सला विंडोजची खोली उघडून वाचता-लिहिता येते. विंडोजला लिनक्सची खोली सहजासहजी उघडता येत नाही. म्हणून दोघांना लागणारे कागद विंडोजच्या विभागात ठेवावेत.

नव्याने संसार मांडणाऱ्यांना चकविणारी एक गंमत येथे सांगितली पाहिजे. लिनक्सवर काम करून विंडोजमध्ये परतले असता घड्याळ साडेपाच तास मागे पडलेले दिसते. यंत्र बिघडले असे समजून पुष्कळ जण घाबरतात. लिनक्स यंत्रातील घड्याळात जागतिक वेळ लिहून ठेवते. विंडोज तीच स्थानिक वेळ समजून वाचते. भारताची वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे, म्हणून फरक नेमका तेवढाच. लिनक्सला एक आज्ञा देऊन स्थानिक वेळ पाळावयास लावले, की दोघांचे घड्याळ जुळते.

आता भाषेचा प्रश्न. श्रीलिपीत किंवा अनुमध्ये केलेल्या जुन्या लग्नपत्रिका लिनक्समध्ये उघडल्या तर देवनागरी वा तेलुगू अक्षरांऐवजी रोमन अक्षरांची भेळ दिसण्याचा संभव असतो. त्या जुन्या पद्धतीत अक्षराचा अर्थ लिपीसंचाने ठरविलेला असतो; संच नाही, तर अर्थ नाही. हे काम विंडोजवरच राहू द्यावे. नवा मजकूर मात्र युनिकोडमध्ये लिहावा, म्हणजे तो दोन्ही प्रणालींत सारखाच वाचता येतो. त्यासाठी दोन्हीकडे इनस्क्रिप्ट कळफलक उपलब्ध आहे, आणि निर्मलसारख्या ठिकाणी त्याचे एक विशेष महत्त्व आहे. भारतीय लिप्यांसाठी त्याची मांडणी एकच आहे. मराठीतला क ज्या कळीवर, तेलुगूतला क त्याच कळीवर. एक लिपी टंकावयास शिकलेली बोटे दुसरी लिपीही जवळजवळ विनासायास टंकू लागतात. लिनक्स शिकविणारे पाठ मुंबईच्या आय. आय. टी.च्या स्पोकन ट्यूटोरियल या उपक्रमाने मराठीत आणि तेलुगूतही उपलब्ध केले आहेत. आई मराठीत ऐकेल आणि मुलगी तेलुगूत ऐकेल, तरी दोघी एकाच पडद्यासमोर बसू शकतील.

ही व्यवस्था सर्वांनी करावी असे मात्र नाही. ज्याचे सर्व काम एकाच प्रणालीत भागते, त्याने उगाच दुसरी आणू नये. परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे, किंवा लग्नसराई ऐन भरात आहे, अशा वेळी घरातील एकुलत्या एका यंत्राला हात लावू नये. लिनक्स काढून टाकावयाचे झाले तरी आधी यंत्राच्या मांडणीत विंडोजचा क्रम पहिला लावावा आणि नंतरच लिनक्सचा विभाग पुसावा. नाही तर नाव पुकारणारा निघून जातो आणि यंत्र काळ्या पडद्यावर वाट पाहत बसते.

एवढे पथ्य पाळले तर जुना लॅपटॉप भंगारात जात नाही, दुकानाची भाकरी बंद पडत नाही आणि मुलीचा अभ्यासही थांबत नाही. नवे आले म्हणून जुने फेकावे, किंवा जुने जपावे म्हणून नव्याला दार लावावे, या दोन टोकांखेरीज तिसरी वाट असते. सीमेवरच्या घरांनी ती भाषेच्या बाबतीत केव्हाच चोखाळली आहे. यंत्राच्या बाबतीतही ती चोखाळता येईल. मात्र भिंत घालण्यापूर्वी घरातले सामान सुरक्षित हलविले आहे ना, एवढे पाहिले पाहिजे.