मानसिक आजार : कुटुंब आणि समाजाचे कार्यकर्ते



सुवर्णमहोत्सवी वर्षात आरोग्य शिबिरांचा विचार स्वाभाविकपणे होतो. मधुमेह व रक्तदाब यांच्या तपासणीला रांगा लागतात. मनाच्या आजाराच्या वाट्याला मात्र बंद दारच येते. मुलीच्या लग्नाची बोलणी चालू आहेत म्हणून मुलाचा आजार झाकणारी घरे गावोगावी असतात, श्रीपूरही त्याला अपवाद नसावे. झाकल्याने आजार बरा होत नाही, केवळ उपचार लांबतात.

हे दार उघडण्यासाठी डॉक्टरच असावे लागते असे नाही. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने २०१३ मध्ये नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ हा उपक्रम सुरू केला. गावातीलच विश्वासू स्त्री-पुरुषांना त्यात प्रशिक्षण मिळाले. ‘मित्र’ म्हणून निवडलेल्यांनी दुःखी, अबोल झालेल्या माणसाला ओळखायचे आणि ‘चॅम्पियन’ने त्याच्याशी काही बैठकांत शांतपणे बोलायचे, अडचणीतून मार्ग शोधायला मदत करायची व आजार गंभीर वाटल्यास सरकारी दवाखान्यात पोहोचवायचे, अशी ही रचना होती. २०१७ पासून हाच प्रयोग गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात झाला.

कुटुंबाची बाजू डॉ. जगन्नाथ वाणी यांनी जाणली. कॅनडात संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या वाणींच्या पत्नीला छिन्नमनस्कता अर्थात स्किझोफ्रेनिया होता. १९९७ मध्ये त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन स्थापन केली. रुग्णाची काळजी घेणाऱ्यांनाही आधार हवा, हे तेथे ओळखले गेले. याच विषयावरील ‘देवराई’ हा २००४ चा मराठी चित्रपट अनेकांनी पाहिला असेल.

कार्यकर्त्याने काय पाहावे? झोप उडणे, जेवण सुटणे, दुकानात लक्ष न लागणे, अकारण संशय, कानात आवाज येणे, अंघोळीचाही कंटाळा. हे आठवड्यांमागून आठवडे टिकले तर तो स्वभाव नव्हे. जैन घरांत येथे विशेष सावधपणा हवा. अन्नावरची वासना उडून कोपऱ्यात बसलेल्या तरुणाला वैराग्य आले असे मानले जाते. वैराग्यात मन शांत असते. नैराश्यात माणूस स्वतःलाच निरुपयोगी ठरवीत असतो. शंका आल्यास वैद्यकीय सल्ला घेण्याने धर्माला कोठेही बाध येत नाही.

पर्युषणातील उपवासांचेही तसेच. लिथियमच्या गोळ्या घेणाऱ्याने निर्जळी उपवास केला तर शरीरातील पाणी कमी होऊन रक्तातील लिथियम वाढते व विषबाधा होऊ शकते. म्हणून उपवासाआधी डॉक्टरांना विचारावे, परस्पर गोळ्या बंद करू नयेत. पै-पैचा जमाखर्च लिहिणाऱ्या व्यापारी घरांत गोळ्यांचा हिशेब मात्र कोणी ठेवीत नाही, ही नवलाची गोष्ट आहे. बरे वाटू लागताच औषध सुटते आणि आजार उलटतो.

सर्वांत अवघड प्रश्न जिवाचा. “जगणे नकोसे वाटते का?” असे विचारल्याने तो विचार मनात शिरतो, ही समजूत खोटी आहे. विचारले तर माणूस बोलता होतो. उत्तर होकारार्थी आले तर त्याला एकटे सोडू नये आणि शेतीची कीटकनाशके त्याच दिवशी कुलपात जावीत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले आहे; पोलिसांच्या भीतीने उपचार टाळण्याचे कारण नाही.

१४४१६ हा ‘टेली मानस’चा विनामूल्य दूरध्वनी ऑक्टोबर २०२२ पासून चालू असून तेथे मराठीतही बोलता येते. सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकारांवर उपचार होतात. श्रीपूरहून सोलापूर जवळ नाही. त्यामुळे पहिल्या खेपेस कार्यकर्त्याने सोबत जाणे, घरच्यांच्या वतीने प्रश्न लिहून नेणे आणि पुढच्या महिन्याच्या गोळ्या आल्या की नाही हे विचारणे, ही कामे प्रशिक्षणातच नावानिशी वाटून द्यावी लागतील.