पहाट का अडखळली?
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)

गेल्या वर्षीच्या बालनाट्यात महेश्वरच्या घाटावरची पहाट अडखळत उगवली, हे आपण पाहिलंत. मग भर प्रवेशात अंधार झाला आणि अहिल्याबाई झालेली आपली मुलगी न थांबता अंधारातच संवाद म्हणत राहिली. टाळ्या तिला मिळाल्या, त्या रास्तच होत्या. चूक दिव्यांवर बसलेल्या आमची होती. ती कशी झाली, हे सांगायला आज उभे आहोत.

त्या वर्षी आम्ही हॅलोजनचे जुने स्पॉट आणि डिमरबोर्ड बाजूला ठेवून एलईडी दिवे, लॅपटॉप आणि एक छोटा मिडी कंट्रोलर आणला. मिडी ही मुळात वाद्यांची भाषा. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने ती १९८३ साली प्रचारात आली आणि एका कंपनीचा कीबोर्ड दुसऱ्या कंपनीच्या वाद्याशी बोलू लागला. तिच्यातून आवाज जात नाही. कुठली पट्टी किती जोरात दाबली, कुठला फेडर किती सरकला, एवढाच निरोप जातो. तो निरोप दिव्यांच्या सॉफ्टवेअरला दिला, की सुरांऐवजी दिवे लागतात. माऊसने एका वेळी एकच काम होतं. इथे दहाही बोटं चालतात.

हे आपल्याला अगदी नवं नाही. उत्सवातल्या रोषणाईत मोटरवर फिरणारा रूळ असे. त्यावरच्या पत्र्याच्या पट्ट्या जशा तारांना लागत, तसे दिवे पळत. क्रम रुळावर, दिवे कमानीवर. आता क्रम लॅपटॉपमध्ये असतो, एवढंच.

मग पहाट का अडखळली? कार्यक्रमानंतर आमचे जुने लाईटवाले काका आत आले. रागावले नाहीत. त्यांनी एकच विचारलं, "दिवे बदललेत का रे?" तिथे उलगडा झाला. मिडीचा साधा फेडर ० ते १२७ आकडे पाठवतो, तर दिवा ० ते २५५ समजतो. फेडर एक घर सरकला, की दिवा दोन घरं उडी घेतो. हॅलोजनची तार हळूहळू तापते, त्यामुळे ती उडी झाकली जाई. एलईडी तत्काळ उजळतो. मंद प्रकाशात प्रत्येक पायरी दिसते. म्हणून पहाट हाताने सरकवायची नाही. सॉफ्टवेअरला "दीड मिनिटात उजाडू दे" असं आधीच सांगून ठेवायचं आणि कंट्रोलरवर फक्त बटण दाबायचं.

अंधाराचं कारण वेगळं. तो प्रवेश बटणाने लागला होता. फेडर मात्र खाली शून्यावरच होता. मोटर नसलेला फेडर हात सोडला तिथेच राहतो, रंगमंचावर काय चाललंय ते त्याला ठाऊक नसतं. आमच्यातल्या एकाचा धक्का लागला, सॉफ्टवेअरने शून्याजवळचा आकडा ऐकला आणि घाट बुडाला. यावर सोय आहे: फेडर चालू प्रकाशाच्या पातळीपर्यंत पोचेपर्यंत त्याचं ऐकू नये, असं ठरवून देता येतं. आम्ही ते केलं नव्हतं. आता केलं आहे. शिवाय एक साधा दिवा कायम भिंतीवरच्या स्विचवर ठेवला आहे.

त्या रात्रीनंतर सूचना आली, की पुढच्या वर्षी दिवे ठेकेदाराला द्यावेत. सूचना चुकीची नव्हती. मुलांची मेहनत आमच्यामुळे वाया जाऊ नये, हेच तिच्यामागे होतं. पण आपल्या इंदूरची अनंत चतुर्दशी आठवा. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, बाकीच्या गिरण्यांचे भोंगेही थांबले. तरी झांक्या निघतातच, कारण काम करणारे हात घरी बसले नाहीत. आपण पैसे देऊन दिवे आणू शकतो. पण काकांनी विचारला तो प्रश्न विचारणारा माणूस मग आपल्यात तयार होणार नाही.

तेव्हा विनंती एवढीच. दर रविवारी संध्याकाळी सभागृहात सराव असतो. घरातला एक मुलगा, एक सून, निवृत्त झालेले आजोबा, कोणीही पाठवा. काका येतात. त्यांची नजर आता अधू झाली आहे, पण दिवा कुठे कमी पडतोय ते ते अजून आमच्याआधी सांगतात.

यंदा तीच मुलगी पुन्हा घाटावर उभी राहणार आहे. पहाट नीट उगवेल, याची जबाबदारी आमची. गणपती बाप्पा मोरया!