फोटो हलला होता, तसाच रंगवला

मागच्या भागात फोनच्या नाइट मोडबद्दल बोलताना मी म्हटलं होतं की आमच्या घरी एका फोटोवरून बराच गोंधळ झालाय, तो पुढच्या वेळी सांगतो. तर आज तोच. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी हा मजकूर. बोलताना आलेले दहा-बारा 'म्हणजे' कापलेत, बाकी सगळं तसंच आहे.

आमचं जुनं घर देवबागला होतं. मालवणहून तारकर्लीच्या पुढे गेलात की जमिनीची एक चिंचोळी पट्टी लागते. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, आणि टोकाला दोघांचा संगम. आता तिथे लोक डॉल्फिन बघायला जातात. आमचे लोक तिथे राहायचे. किनारा खचत आला, आधी माड पडले, मग पडवीला तडे गेले, आणि माझ्या जन्माच्या आधीच घरच्यांनी मालवणात बिऱ्हाड हलवलं. त्या घराचा फोटो एकच. 1993 साली काकाने कोणाचा तरी रोलचा कॅमेरा मागून आणला आणि तिन्हीसांजेच्या वेळी खाडीतून, होडीत उभं राहून क्लिक केलं. उजेड कमी, म्हणून शटर जास्त वेळ उघडं राहिलं. तेवढ्यात होडी डोलली. निगेटिव्ह बुरशीने कधीच गेली, उरला पोस्टकार्डाएवढा प्रिंट. त्यात खाली पाणी, वर माडांची रांग, मधे दोन तपकिरी डाग. मोठा डाग म्हणजे घर, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

दोन वर्षांपूर्वी मी तो प्रिंट स्कॅन केला आणि एका एआय ॲपमध्ये टाकला. 'एन्हान्स' दाबलं. पाऊण मिनिटात घर आलं! मंगळुरी कौलं, निळं दार, दोन खिडक्या, दाराशी पायरी. बाबांनी त्याचा दोन बाय तीन फुटांचा प्रिंट काढून फ्रेम केला आणि चतुर्थीला हॉलमध्ये लावला. आरतीला येणारा प्रत्येक जण त्याच्यासमोर थांबायचा. एकटी आजी म्हणाली, "ह्यां कोणाचा घर? आमचा दार ह्या बाजूक नव्हताच." वय झालंय, विसरते, असं आम्ही ठरवून टाकलं.

आता इथे इंजिनियर म्हणून मला लाज वाटायला हवी होती, कारण हे मला माहीत होतं. फोटो ब्लर होतो तेव्हा प्रत्येक ठिपक्याचा रंग शेजारच्या ठिपक्यांत मिसळतो आणि बारीक तपशील जातो. वेगवेगळे हजार मूळ फोटो ब्लर केले तर एकच धूसर फोटो मिळू शकतो. त्यामुळे उलट दिशेने जाताना एकच बरोबर उत्तर असं नसतंच. ॲप त्यातलं पटण्यासारखं एक उत्तर निवडतं, म्हणजे त्याने आधी जे लाखो फोटो पाहिलेत त्यांच्यासारखं. 2020 साली ड्यूक विद्यापीठाच्या 'पल्स' नावाच्या प्रोग्रामला लोकांनी बराक ओबामांचा पिक्सेल-पिक्सेल झालेला फोटो दिला, तर त्याने एक गोरा माणूस काढून दिला. 2023 मध्ये एकाने चंद्राचा मुद्दाम धूसर केलेला फोटो कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर लावला आणि सॅमसंगच्या फोनने त्याचा फोटो काढला. फोनने त्यात खड्डे भरून दिले, जे समोरच्या स्क्रीनवर नव्हतेच. मी मित्रांना हे किस्से हसत सांगायचो. आणि आमच्याच भिंतीवर निळं दार लटकत होतं.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी, की ही लबाडी काही एआयने सुरू केलेली नाही. आमच्या माजघरात पणजोबांचा फोटो आहे, दाराच्या वर, थोडा पुढे झुकवलेला. तुमच्याकडेही असेल. तो स्टुडिओवाल्याने मोठा करून हाताने रंगवलाय. पणजोबांच्या अंगात कोट आहे. आजी सांगते, त्यांनी जन्मात कोट घातला नाही.

मग माझं मन कधी बदललं? माझी आठ वर्षांची चुलत बहीण आहे. तिला शाळेत 'माझे गाव' असं चित्र काढायला सांगितलं होतं. तिने देवबागचं घर काढलं. निळ्या दाराचं. खाली लिहिलं, आमचे जुने घर. ते चित्र बघून मी गप्पच झालो. आणखी वीस वर्षांनी आजी नसेल, आणि मग निळं दार हेच खरं होईल.

त्याच काळात मी गेर्हार्ड रिश्टर या जर्मन चित्रकाराची चित्रं नेटवर बघत होतो. हा माणूस 1932 साली ड्रेस्डेनला जन्मला, 1961 मध्ये पूर्व जर्मनी सोडून पश्चिमेला गेला आणि पुढच्या वर्षीपासून फोटोंवरून चित्रं काढायला लागला. वर्तमानपत्रातले फोटो, घरच्या अल्बममधले फोटो. फोटो प्रोजेक्टरने कॅनव्हासवर पाडायचा, रेषा उतरवून घ्यायच्या, तैलरंगात अगदी फोटोसारखं रंगवायचं, आणि रंग ओला असतानाच त्यावरून मऊ कोरडा ब्रश ओढून सगळं धूसर करायचं. 1965 मध्ये त्याने आपला मामा रूडी असा रंगवला, नाझी सैन्याच्या गणवेशात हसत उभा असलेला. नंतर कॉर्सिका बेटावरच्या सहलीत काढलेल्या फोटोंवरून निसर्गचित्रं केली, मग समुद्र. काही समुद्रचित्रांत पाणी एका फोटोतलं आणि आकाश दुसऱ्या फोटोतलं आहे. 1970 च्या एका चित्रात तर वरचं आकाशसुद्धा समुद्रच आहे, उलटा केलेला! म्हणजे धूसर चित्र खरंच बोलतं असं नाही. पण 'हे दार निळं होतं' अशी छातीठोक साक्ष ते देत नाही. मला तेवढं पुरेसं होतं.

आणि हो, याला कोणी ॲबस्ट्रॅक्ट म्हणू नका. आपले वासुदेव गायतोंडे घ्या. त्यांच्या चित्रांत लोकांना समुद्र दिसतो, पण ते स्वतः त्यांना नॉन-ऑब्जेक्टिव्ह म्हणायचे, त्यांच्या मागे कुठलाही फोटो नाही. इथे मागे फोटो आहे, आणि सगळी गंमत त्या फोटोशी बांधलेली आहे.

तर मी काढायला बसलो. बीटेकमध्ये इंजिनियरिंग ड्रॉइंग केलं होतं, एवढीच माझी शिदोरी. पहिला कॅनव्हास ॲक्रिलिकमध्ये केला आणि वाया घालवला. ॲक्रिलिकमधलं पाणी उडतं आणि रंग काही मिनिटांत सुकतो. ब्रश ओढायला जाईपर्यंत माड सिमेंटसारखे घट्ट झाले होते. तैलरंग हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतो, त्यात दोन-तीन दिवस मिळतात. दुसरा कॅनव्हास तैलरंगात केला, रिश्टरसारखा आडवा ब्रश ओढला. दिसायला छान झालं, पण काहीतरी चुकत होतं. धावत्या गाडीच्या खिडकीतून बघितल्यासारखं वाटत होतं. चार दिवसांनी डोक्यात उजेड पडला. होडी आडवी जात नव्हती, ती वर-खाली डोलत होती! भिंग घेऊन प्रिंट बघितला तर प्रत्येक माडाचा शेंडा वरून खाली, जरा तिरका ओढला गेलाय. तिसऱ्या कॅनव्हासवर तसाच ब्रश फिरवला. काका बघून म्हणाला, "अरे, माझा हात असोच हललो होतो." एवढं कौतुक मला अप्रेझलमध्येही मिळालेलं नाही.

आता लावायचं कुठे? आमचं घर चिऱ्याचं, पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते. तिथे लावलं तर कॅनव्हासच्या मागे बुरशी नक्की. म्हणून आतली भिंत निवडली. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे चिकटवले, म्हणजे भिंत आणि कॅनव्हासमधून हवा खेळते. मागून प्लॅस्टिक लावू नका, दमटपणा आतच कोंडतो. काचही नको, तैलरंगाला तिची गरज नसते. ट्यूबलाइटच्या समोर लावलं तर नुसती चकाकी दिसते, उजेड बाजूने यायला हवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मागे सरायला जागा हवी. हाताच्या अंतरावर नुसते फराटे दिसतात, सहा-सात फुटांवर गेलं की माड उभे राहतात. एरवी चित्राचा मध्य साधारण पावणेपाच फुटांवर ठेवतात. आम्ही चार फुटांवर ठेवला, कारण आजी खुर्चीत बसते.

आई म्हणाली, पाहुणे विचारतील चष्मा बदलायचाय का म्हणून. बाबांना निळ्या दाराचा फोटो काढायचा नव्हता, त्यावरून दोन दिवस धुसफूस झाली. आजीने पहिल्या दिवशी एवढंच विचारलं, "पुसान टाकलंस कित्याक?"

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने मला हाक मारली. काठीने कॅनव्हासवरचा मोठा डाग दाखवला.

"ह्यो मांगर." मग काठी डावीकडे सरकवली, माडांच्या मागच्या छोट्या डागावर. "घर ह्यां. दार हयसून दिसाचा नाय, तां समुद्राकडे होता."

मी काकाला फोन लावला. तो जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, होय रे, मांगर पुढे होता, पाण्याच्या बाजूला, जाळी ठेवायला. म्हणजे एआयने आमच्या जाळ्यांच्या मांगराला कौलं चढवली होती, खिडक्या पाडल्या होत्या, निळं दार बसवलं होतं, आणि आमचं कुटुंब वर्षभर त्याच्यासमोर उभं राहून हळहळत होतं.

चित्रात मला काहीच बदलावं लागलं नाही. मोठा डाग होता तिथेच आहे, छोटाही. मी एवढंच केलं, की आजी जे सांगत गेली ते फोनवर रेकॉर्ड केलं. विहीर कुठे होती, रापणीची माणसं जेवायला कुठे बसायची. चाळीस मिनिटांची फाइल झाली. ती मालवणीत आहे, तिच्या परवानगीने पुढच्या भागात थोडी ऐकवेन.

बाबांनी निळ्या दाराचा फोटो काढला, पण टाकला नाही. तो कपाटामागे आहे. चित्राच्या अगदी शेजारी आईने कालनिर्णय टांगलंय, खिळा आयताच होता म्हणून.