बंब येईपर्यंत

(उस्मानपुऱ्यात वस्तीतल्या आणि वसतिगृहांतल्या तरुणांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



पत्रकावर माझ्या भाषणाचा विषय ‘आपत्ती व्यवस्थापन’ असा छापलाय. शब्द कलेक्टर कचेरीतला आहे. २००५ साली त्याचा कायदा झाला, जिल्ह्याजिल्ह्यात प्राधिकरण झालं, कलेक्टर त्याचा अध्यक्ष. असू दे. मला बोलायचं आहे ते त्याच्या अगोदरच्या वेळाबद्दल. आग लागल्यापासून बंब येईपर्यंतचा वेळ. त्या वेळात कलेक्टर नसतो, आमदार नसतो, पोलीस नसतो. तुम्ही असता आणि शेजारची म्हातारी असते. आणि आपल्या बोळांची रुंदी बघितली तर बंब तोंडाशीच थांबणार, हे सांगायला इंजिनियर लागत नाही.

लांबची उदाहरणं नकोत. ३ एप्रिल २०२४, आपल्याच शहरात, छावणीत. पहाटे खाली कपड्याच्या दुकानाला आग लागली, वर कुटुंब झोपलेलं. सात माणसं गेली, त्यात लेकरं होती. जाळ वरपर्यंत गेलाच नाही. धूर गेला. गुदमरून मेली. त्याच्या तीनच महिने आधी, ३१ डिसेंबर २०२३ ला, वाळूजमध्ये हातमोज्यांच्या कारखान्यात रात्री आग लागली आणि आत झोपलेले सहा कामगार मेले. पोटासाठी परप्रांतातून आलेली माणसं, कामाच्या जागीच झोपणारी. कामाची जागा आणि झोपायची जागा एकच, हे ज्याच्या वाट्याला येतं तो कोण असतो, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आता आपल्या गल्लीत मोजा. खाली दुकान किंवा गोडाऊन, वर बिऱ्हाड, उतरायला एकच जिना, जिन्याखाली मीटर आणि चार्जिंगला लावलेली गाडी. किती घरं निघतात? मी मोजली. बोटं पुरली नाहीत.

धुराचं एक ध्यानात ठेवा. तो वर चढतो. उभा राहून पळणारा माणूस धुरातच पळतो. खाली, जमिनीलगत, हवा थोडा वेळ बरी असते. म्हणून ओला पंचा, ओढणी, जे असेल ते नाकाला लावायचं आणि रांगत जायचं. जिना पेटलेला असेल तर दार लावून घ्यायचं, फटीत ओली गोधडी कोंबायची, खिडकीशी जाऊन बोंब ठोकायची. लाजायचं नाही. सामानासाठी मागं फिरायचं नाही. आणि खिडकीला चोराच्या भीतीनं पक्की जाळी ठोकलीय, ती चोराला अडवो न अडवो, तुम्हाला नक्की अडवेल. एका तरी खिडकीची जाळी बिजागरीवर करून घ्या. वेल्डिंगवाला आपल्याच वस्तीत आहे. रात्रीच्या कुलपाची किल्ली बापाच्या उशाखाली ठेवू नका. भिंतीला खिळा मारा, सहा वर्षांच्या पोरीचा हात पोचेल इतक्या उंचीवर.

गॅसचं बायांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. वास आला की त्या रेग्युलेटर बंद करतात आणि दारं उघडतात. तेवढ्यात घरातला शिकलेला पोरगा येतो आणि ‘बघू काय झालं’ म्हणून लाईटचं बटण दाबतो. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीवर साचून राहतो. बटणाची एक ठिणगी बास झाली. बटण लावायचं नाही, चालू असलेलं बंदही करायचं नाही. बाहेर जाऊन फोन करायचा. गळतीसाठी १९०६, बंबाला १०१, रुग्णवाहिकेला १०८. दारावर खडूनं लिहून ठेवा.

आता किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बुडवून माणसं दमून झोपली होती. पहाटे तीन वाजून छप्पन मिनिटांनी जमीन हलली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सात हजारांहून जास्त माणसं मेली. सरकारच्या त्या वेळच्या नकाशात हा मुलूख सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. म्हणजे नकाशा झोपला होता, माणसंही झोपली होती. मारलं कशानं? मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंतींनी आणि माळवदावर वर्षानुवर्षं चढत गेलेल्या मातीच्या थरानं. हलक्या छपराची कुडाची झोपडी पडली तरी माणूस खालून निघत होता. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या दगडी घर बांधायची ऐपत येऊ दिली नाही, त्यांतले काही त्या दारिद्र्यामुळेच वाचले. ह्यात आनंद मानावा असं काही नाही. पुढचं ऐका.

पुनर्वसनाच्या गावांत घरं वाटली ती जमिनीच्या मापानं. भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट. त्याच्या वर सात हेक्टरपर्यंत ४००. सात हेक्टरच्या वर असेल तर ७५०. मराठवाड्यात भूमिहीन कोण? भूकंपानं घरं पाडली ती सातबारा न बघता. सरकारनं उभी केली ती सातबारा बघून. सात हेक्टरच्या वरच्याला भूमिहीनाच्या तिप्पट छप्पर. हिशोब अगदी चोख!

म्हणून मी म्हणतो, तयारी म्हणजे नुसती वाळूची बादली नव्हे. तलाठी पंचनाम्याला येईल त्या दिवशी हातात काय आहे, हीसुद्धा तयारीच आहे.

आणि आपल्या आगी सगळ्याच शॉर्टसर्किटच्या नसतात. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपली घरं पेटवली गेली. पोचिराम कांबळेंना मारलं. माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी गाव सोडून शहराकडे आली. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं ते १४ जानेवारी १९९४ ला. त्या आगीत घराबरोबर पेटीतले कागदही जळाले, त्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही.

आज जातवैधता काढायला जा. अनुसूचित जातीच्या पोराला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. म्हणजे आजोबाचा, पणजोबाचा. ज्यांना शाळेची पायरी चढू दिली नाही त्यांच्याकडेच शाळेचा दाखला मागायचा, ही थट्टा क्षणभर बाजूला ठेवू. ज्या घरात तो एक कागद आहे, निजामाच्या अमदानीतला, कधी उर्दूतला, त्यानं तो कुठं ठेवलाय? पत्र्याच्या पेटीत. पेटी खाटेखाली. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात पूर आला, तेव्हा घरात शिरलेलं पाणी पहिल्यांदा खाटेखालीच गेलं. तो कागद भिजला की पोरीचं इंजिनियरिंग भिजलं. तेव्हा पेटी वरच्या फळीवर घ्या. कागद प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, दोऱ्यानं आवळा. साक्षांकित नक्कल दुसऱ्या गावच्या मामाकडे ठेवा. फोटो फोनमध्ये, डिजिलॉकरमध्ये, आणि बहिणीच्याही फोनमध्ये. फोनही जळतो.

वसतिगृहातल्या पोरांनो, आता तुमच्याकडे येतो. मी शिकलो त्या वसतिगृहाचं नाव घेत नाही. त्याला मागून एक जिना होता. जिन्याला दार, दाराला कुलूप, किल्ली रेक्टरकडे आणि रेक्टर गावाला. एका रात्री मीटरच्या खोलीतून ठिणग्या उडाल्या, लाईट गेली, जिन्यात धूर. ऐंशीच्या आसपास पोरं एका जिन्यानं खाली लोटली. एकाचा पाय मोडला. कोणी मेलं नाही, म्हणून सकाळी काही घडलंच नाही असं ठरलं. आम्ही अर्ज दिला. उत्तर आलं, मागचं दार उघडं ठेवलं तर पोरं रात्री सिनेमाला जातात. आमच्या जिवाची किंमत एका तिकिटाएवढी होती. तिकीट तेव्हा बाल्कनीचंसुद्धा नव्हतं हो.

साधी गोष्ट आहे. मागच्या दाराला आतून कडी, बाहेरून कुलूप नाही. एवढ्यासाठी निधी लागत नाही, भांडण लागतं. ते कागदावर करा. महाराष्ट्राचा २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे. त्याखाली येणाऱ्या इमारतीच्या मालकानं आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचा असतो. इथं जवळच शासकीय तंत्रनिकेतन आहे, अभियांत्रिकी आहे, देवगिरी आहे, तिकडं नागसेनवनात बाबासाहेबांनी १९५० साली उभं केलेलं मिलिंद आहे. प्रत्येक कॉलेजात आपली पोरं आहेत. प्रत्येकानं आपल्या कॉलेजात तो दाखला बघायला मागायचा. नाही म्हणाले तर माहितीच्या अधिकारात अर्ज. आणि आपणही आपलं काम करायचं. मजल्यावर रोज रात्री कोण आहे, कोण गावाला गेलंय, ह्याची यादी. बाहेर पडल्यावर जमायचं झाड कोणतं, ते आधीच ठरलेलं. दिवे मालवून, डोळे मिटून, भिंत चाचपत खोलीपासून जिन्यापर्यंत चालून बघा. पहिल्या वेळी हसाल. दुसऱ्या वेळी पावलं मोजाल.

हे आपल्याला जमणार नाही असं कोणी म्हणू नये. चौदा एप्रिलला अख्ख्या वस्तीची वर्गणी आपण घरटी गोळा करतो. कोणाच्या घरी किती माणसं, कोण देतो, कोण टाळतो, सगळं पाठ असतं. मिरवणुकीत हजारोंच्या गर्दीत हरवलेलं पोर तासाभरात आईकडे पोचवतो. तीच वही, तीच पोरं. फक्त रकाने वेगळे. कोणत्या घरात न चालणारं माणूस आहे. कोण गरोदर आहे. कोण ऑक्सिजनवर आहे. कोणाला ऐकू येत नाही. कोणाकडे शिडी आहे, कोणाकडे दोर, कोणाचा टेंपो रात्री दारात असतो. मुसलमान शेजाऱ्यांची घरंही त्याच वहीत, धूर भिंत बघून थांबत नाही. विहाराची किल्ली तीन घरांत ठेवायची, आणि त्यातलं एक घर बाईचं हवं, दुपारी वस्तीत बायाच असतात.

एक राहिलं. पत्र्यावरचे दगड. वारा पत्रे उडवतो म्हणून आपण वर दगड ठेवतो, आणि वादळात तेच दगड पत्र्यासकट झोपलेल्या लेकराच्या अंगावर येतात. मराठवाड्यात दर उन्हाळ्यात वळवाच्या पावसात अशा बातम्या येतात. पत्रे खालच्या अँगलला आकड्यांनी आवळायचे, वायसर लावायचा आणि दगड खाली उतरवायचे. आकडा काही रुपयांचा येतो.

वही मी आणलीय, टेबलावर आहे. रविवारी सकाळी आठ वाजता विहारापाशी जमायचं, पहिल्या गल्लीपासून सुरुवात. येताना पाने आणि मूठभर आकडे घेऊन या. पहिलंच घर माझ्या आत्याचं आहे, आणि तिच्या पत्र्यावर अकरा दगड आहेत.