मुक्या चित्राची साथ

मी मूळचा भजनातला पेटीवाला. दादासाहेब फाळके यांच्या १९१९ सालच्या ‘कालिया मर्दन’ या मूकपटाला प्रत्यक्ष साथ करायची, असं आम्ही नगरला ठरवलं, तेव्हा काम सोपं वाटलं होतं. मूकपटांच्या काळात पडद्याजवळ बसून पेटी-तबला वाजवतच असत. पण त्या वादनातलं आमच्या हाती काहीच नव्हतं. सगळं नव्यानं बांधायचं होतं.

आमचे पखवाजी नेवासे तालुक्यातले, सत्तरी ओलांडलेले. बाळकृष्ण झालेली मंदाकिनी ही फाळक्यांचीच मुलगी, हे कळल्यावर ते पडद्याकडे निराळ्याच नजरेनं पाहू लागले.

तालमीत कृष्ण डोहात उडी घेतो, तिथं मी द्रुत लयीत पेटी झोडत होतो. पखवाजींनी हात थांबवला. म्हणाले, ‘‘मास्तर, पोर पाण्यात गेल्यावर काठावर कुणी पेटी वाजवतं का?’’

त्यांचा धाकटा भाऊ लहानपणी विहिरीत गेला होता, हे मला ठाऊक होतं. मी भाता सोडला.

तिथं आम्ही फक्त तंबोरा ठेवला. पाण्याखाली झुंज चालू असताना फाळके मधूनमधून काठावरची व्याकूळ माणसं दाखवतात. प्रयोगात ती दृश्यं आली आणि सभागृह चिडीचूप झालं. कृष्ण नागावर उभा राहून वर आला, तेव्हा पखवाजावर थाप पडायच्या आधीच टाळ्या पडल्या.

नव्या मुलांना साथ शिकवताना मी आता आधी तीच जागा दाखवतो.